प्रश्नाच्या पोटांतील चूक

आरंभीं आपणांस एक प्रश्न विचारतों. सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज पन्हाळगडाहून निसटले आणि शत्रूची फौज त्यांच्या मागावर आली, त्या वेळीं घोडखिंड अडवून धरणाऱ्या तानाजी मालुसऱ्यास, महाराज विशाळगडावर सुखरूप पोंचल्याची खूण कशानें मिळावयाची होती? आपणांपैकीं पुष्कळांच्या ओठांवर उत्तर आलेंहि असेल: तोफांच्या आवाजानें. उत्तर आपल्या परंपरेस धरून आहे. प्रश्न मात्र चुकीचा आहे. १६६० सालीं त्या खिंडींत पडले ते बाजीप्रभु देशपांडे. तानाजी मालुसरे पडले ते पुढें दहा वर्षांनीं, १६७० सालीं, कोंढाण्यावर. या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रांत शाळेचीं चार यत्ता शिकलेल्या मुलास ठाऊक असतात. तेव्हां ठाऊक नव्हतें म्हणून चूक दिसली नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. ठाऊक असूनहि ती दिसली नाहीं. हें असें कां होतें, आणि आपल्या सातारा-सांगलीच्या इतिहासांत त्यानें काय काय घडविलें, याविषयीं आज मी बोलणार आहें.

या गोष्टीकडे मानसशास्त्रज्ञांचें लक्ष गेलें तें अमेरिकेंत. १९८१ सालीं एरिक्सन आणि मॅटसन या दोघां अभ्यासकांनीं कांहीं विद्यार्थ्यांपुढें एक प्रश्न ठेविला. महाप्रलयाच्या वेळीं मोझेसनें आपल्या तारवांत प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले? बहुतेकांनीं 'दोन' असें उत्तर दिलें. बायबलांतील ती कथा आपल्या मनु आणि मत्स्य यांच्या कथेसारखी आहे, आणि तिचा नायक मोझेस नसून नोहा आहे. नोहाची कथा या विद्यार्थ्यांस लहानपणापासून ठाऊक होती. प्रश्नांत कांहीं चुकीचें दिसल्यास तसें सांगा, अशी सूचनाहि त्यांस आधींच दिलेली होती. तरीहि मोझेस त्यांच्या डोळ्यांपुढून निघून गेला. तेव्हांपासून या प्रकारास 'मोझेसचा भ्रम' असें नांव पडलें. आपल्याकडे तो प्रथम कोणी ओळखला असता तर 'तानाजीचा भ्रम' असें नांव पडलें असतें. परंतु आपल्याकडे परीक्षा घेण्याचा उत्साह फार आणि परीक्षेची परीक्षा घेण्याचा थोडा.

आतां याच प्रश्नांत तानाजीच्या जागीं नाना फडणिसांचें नांव घालून पाहा. सारा वर्ग हंसेल. म्हणजे आपण नांवें मुळींच ऐकत नाहीं असें नव्हे. ऐकतों, परंतु तीं पुरतीं पारखून घेत नाहीं. नांव जवळपास जुळतें एवढें दिसलें कीं मन पुढें जातें. तानाजी आणि बाजीप्रभु दोघेहि महाराजांचे, दोघेहि शूर, दोघेहि कामगिरीवर पडलेले. मोझेस आणि नोहा दोघेहि एकाच ग्रंथांतले वृद्ध सत्पुरुष. सांगलीच्या पेठेंत हळदीचीं पोतीं उतरतात तेव्हां व्यापारी प्रत्येक पोतें रितें करून पाहत नाहीं. पोत्यांत टोच घालून मूठभर नमुना काढतो, आणि नमुना जुळला कीं पोतें खरें धरतो. असें न केल्यास बाजार संध्याकाळपर्यंत आटोपणार नाहीं. ऐकणाऱ्याचें मनहि याच रीतीनें चालतें. समोरचा मनुष्य बोलतांना शब्द चुकतो, नांव विसरतो, तरी आपण त्याचा आशय धरून चालतों. हा दोष नव्हे, हें संभाषणाचें सौजन्य आहे. त्या सौजन्याच्याच वाटेनें चूक घरांत शिरते.

दुसरें कारण असें कीं, प्रश्न कानांवर पडतांच आपलें सारें लक्ष त्यांतील रिकाम्या जागेकडे धांवतें. 'किती' म्हटलें कीं मन आंकडा शोधूं लागतें, 'कोण' म्हटलें कीं नांव. बाकीचें वाक्य हें त्या जागेकडे नेणारा रस्ता, एवढीच त्याची किंमत उरते. आणि घाईनें जाणारा मनुष्य रस्त्यावरील दगड मोजीत बसत नाहीं. मीं चौतीस वर्षें मराठी शाळांतून भाषा व इतिहास हे विषय शिकविले. वर्गांत मुद्दाम असा वांकडा प्रश्न घातला म्हणजे आधीं फसत तीं हुशार मुलें, कारण त्यांचा हात आधीं वर होई. प्रश्न पुन्हा विचारा, असें म्हणणारा बहुधा मागच्या बांकावरचा असे. त्यास उत्तर येत नसे, म्हणून तो बिचारा प्रश्नच नीट ऐकून घेई, आणि "गुरुजी, तानाजी तेथें कुठें होता?" असें तोच विचारी.

मराठी वाक्याची घडणहि या चुकीस साह्य करते, असें मला वाटतें. आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें, आणि कोण, काय, केव्हां, किती हे शब्द बहुधा त्याच्या अलीकडे बसतात. त्यांच्या आधीं जें येतें तें बोलणारा आणि ऐकणारा या उभयतांस मान्यच आहे, अशी आपली समजूत असते. त्यांतहि धातुसाधित विशेषण ही चुकीनें दडून बसण्याची फार सोयीची जागा आहे. 'तानाजीनें घोडखिंड लढविली' असें सरळ विधान करा. पोरगें उसळून 'नाहीं' म्हणेल. तेंच 'घोडखिंड लढविणाऱ्या तानाजीस' असें म्हणा. विधान विशेषणाचा पदर डोक्यावरून घेऊन सर्वांच्या देखत निघून जातें. आणखी एक मौज पाहा. 'घोडखिंड लढविणाऱ्या तानाजीस खूण मिळाली काय?' या प्रश्नास तुम्ही 'होय' म्हणा कीं 'नाहीं' म्हणा, दोन्ही उत्तरांनीं तानाजीस खिंडींत उभें केलेंच. नकार क्रियापदास लागतो, विशेषणास लागत नाहीं.

आपल्या जुन्या नैयायिकांस ही मेख ठाऊक होती. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत हेत्वाभासाचें एक उदाहरण आहे: आकाशांतील कमळ सुगंधी आहे, कारण तें कमळ आहे. यांतील दोषास आश्रयासिद्ध असें म्हणतात. ज्याच्याविषयीं बोलावयाचें तो आश्रयच मुळांत नाहीं. आकाशकमळाचा वास कसा असतो, या प्रश्नास 'गोड' म्हणणारा जितका चुकतो तितकाच 'त्यास वास नसतो' म्हणणाराहि चुकतो. पाठशाळेंतील विद्यार्थी हा दोष घोकून पाठ करीत. आमच्या शाळांतून तो गेला, आणि 'थोडक्यांत उत्तरें द्या' हें सूत्र तेवढें राहिलें.

सांगलीकडील एक प्रश्न घ्या. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून तो विचारला जाण्यासारखा आहे: १९४३ सालीं सांगली जिल्ह्यांतील कोणतें गांव क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचें केंद्र म्हणून गाजलें? उत्तर येतें, कुंडल. आतां पाहा, १९४३ सालीं सांगली जिल्हा नव्हताच. त्या वेळीं सातारा हा एकच मोठा जिल्हा होता, आणि त्याच्या अंगांत सांगली, मिरज, औंध, फलटण, जत अशीं संस्थानें विखुरलेलीं होतीं. संस्थानें विलीन झाल्यावर १९४९ सालीं दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा निघाला, आणि त्यास सांगली हें नांव मिळालें तें १९६० सालीं. कोणी म्हणेल, मास्तर, ही नकाशाची काथ्याकूट झाली. गांव तर तेंच आहे ना? गांव तेंच आहे. परंतु तें गांव औंध संस्थानच्या हद्दींत होतें, ही गोष्ट या प्रश्नानें पुसून टाकली. १९३९ सालीं ज्या औंधांत राजेसाहेबांनीं आपण होऊन प्रजेच्या हातीं कारभार सोंपविला, तें हें संस्थान. ब्रिटिश पोलिसांचा हात तेथें सहज पोंचत नसे, आणि भूमिगतांस आश्रय मिळण्याचें तें एक मोठें कारण होतें. जिल्ह्याचें नांव चुकलें, आणि त्याबरोबर घटनेचें कारणच हरवलें.

सांगलीचाच दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. पहिलें मराठी नाटक कोणत्या गांवीं झालें? विष्णुदास भाव्यांचें सीतास्वयंवर, १८४३ साल, सांगली, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय: हें उत्तर देतांना सांगलीकरांची छाती फुगते, आणि फुगावी अशीच ती गोष्ट आहे. परंतु 'पहिलें' हा शब्द प्रश्नानें आपल्या पदरचा घातलेला आहे. तंजावरचे शाहजी राजे १६८४ ते १७१२ पर्यंत गादीवर होते. त्यांनीं मराठींत नाटकें रचिलीं, आणि लक्ष्मीनारायणकल्याण हें त्यांपैकींच एक. महाराष्ट्रांतील सार्वजनिक रंगभूमीचा उगम सांगलीस झाला, असें म्हटलें म्हणजे भाव्यांचा मान यत्किंचित् कमी होत नाहीं आणि तंजावरहि नाहींसें होत नाहीं. ज्या प्रश्नानें आपला गौरव होतो त्याच्या पोटांत हात घालून पाहावें असें कोणासहि वाटत नाहीं, हें मात्र येथें दिसून येतें.

आतां साताऱ्याकडे वळूं. २०२४ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें साताऱ्याच्या छत्रपति शिवाजी महाराज संग्रहालयांत आणून ठेवण्यांत आलीं. त्यापूर्वी, २०२३ च्या ऑक्टोबरांत, महाराष्ट्र सरकारचा त्या संग्रहालयाशीं करार झाला होता, आणि तीन वर्षांच्या मुदतीनें तीं उसनीं मिळालीं होतीं. मधल्या काळांत गांवोगांव एकच प्रश्न चालला होता: महाराजांचीं वाघनखें परत केव्हां येणार? या प्रश्नांत 'केव्हां' एवढेंच विचारलेलें आहे. परंतु तीं महाराजांचीं आहेत, अफझलखानाच्या भेटीच्या दिवशीं वापरलेलीं तींच हीं आहेत, आणि तीं 'परत' येत आहेत, इतक्या गोष्टी त्यानें न विचारतां मान्य करून टाकिल्या. स्वतः त्या संग्रहालयानें, हीं तींच वाघनखें आहेत असें ठरवितां येत नाहीं, असें म्हटलेलें आहे. कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक इंद्रजित सावंत यांनीं ही शंका मोठ्यानें बोलून दाखविली, तेव्हां त्यांस शाबासकीपेक्षां रोषच अधिक मिळाला.

या सर्व प्रकरणाचा आधार कोणता? एका पेटीवरील इंग्रजी लेख. त्याचा आशय असा कीं, ज्या वाघनखानें शिवाजीनें मोंगल सरदारास मारलें तें हें होय, आणि ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्यास रेसिडेंट असतांना मराठ्यांच्या पेशव्याच्या मुख्य प्रधानानें तें त्यांस दिलें. श्रोतेहो, हें वाक्य पुन्हा एकदां मनांत वाचा. मोंगल सरदार? अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं प्रतापगडाच्या पायथ्याशीं जें घडलें त्यांत मोंगलांचा कांहीं संबंध नव्हता. घोडखिंडींतल्या तानाजीसारखाच हा मोंगल सरदार त्या लेखांत उभा आहे. माझ्या ओळखीच्या अनेक सुशिक्षितांनीं हा मजकूर वाचला होता. 'मुख्य प्रधान कोण असेल?' असा तर्क त्यांपैकीं कित्येक करीत होते, मोंगल मात्र एकासहि खटकला नव्हता.

मुख्य प्रधानाचेंहि तसेंच. ग्रँट डफ साताऱ्यास होता १८१८ ते १८२२. दुसरा बाजीराव १८१८ च्या जून महिन्यांत माल्कमला शरण गेला आणि पुढें ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. म्हणजे ग्रँट डफच्या साताऱ्यांतील मुक्कामाच्या बहुतेक काळांत पेशवाच उरला नव्हता. मग त्याचा प्रधान कोठला? आणि महाराजांचें इतकें पवित्र शस्त्र छत्रपतींच्या घराण्यांत न राहतां पेशव्याच्या कारभाऱ्याकडे कसें गेलें? ग्रँट डफ हा १८२६ सालीं मराठ्यांचा मोठा इतिहास प्रसिद्ध करणारा गृहस्थ. अफझलखान कोणाचा चाकर होता हें त्यास पक्कें ठाऊक होतें. सबब तो लेख त्यानें स्वतः लिहिला नसावा, अशी शंका मनांत येते. या सर्वांवरून तीं वाघनखें खोटीं ठरतात काय? नाहीं. जुनीं असतील, मराठ्यांचीं असतील, कदाचित् तींच असतील. परंतु 'परत केव्हां येणार' या प्रश्नानें ही सारी चौकशीच दाराबाहेर ठेविली. संग्रहालयापुढें रांगेंत उभीं असलेलीं शाळेचीं मुलें मीं पाहिलीं. त्यांच्या डोळ्यांतील भाव खरा होता. म्हणूनच त्यांस अर्धवट गोष्ट सांगूं नये असें वाटतें.

भवानी तलवारीची हकीकत याच जातीची आहे, ती थोडक्यांत सांगतों. १९८० च्या सुमारास मुख्यमंत्री अंतुले यांनीं ती लंडनहून आणण्याचा मनोदय जाहीर केला, आणि 'भवानी केव्हां येणार?' हा प्रश्न महाराष्ट्रभर झाला. लंडनच्या राजसंग्रहांत जी तलवार आहे ती १८७५-७६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानांत आला असतां कोल्हापूरच्या छत्रपतींकडून त्यास मिळालेली, आणि ती जगदंबा या नांवानें ओळखली जाते. भवानी म्हणून जिची पूजा होते ती तलवार साताऱ्यास राजघराण्यांत आहे. म्हणजे जी लंडनला गेल्याचा पुरावा नाहीं, ती लंडनहून केव्हां येणार याची चर्चा चालली होती. आकाशकमळाचा वास तो हाच.

कायद्यानें या धोक्याची दखल फार पूर्वीच घेतली. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यांत सूचक प्रश्न म्हणजे काय हें सांगितलेलें होतें: विचारणाऱ्यास जें उत्तर हवें असतें तें ज्या प्रश्नांतच सुचविलेलें असतें, तो. आपल्याच साक्षीदारास सरतपासांत असा प्रश्न विचारतां येत नसे, विरुद्ध पक्षानें हरकत घेतली तर. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागीं नवा भारतीय साक्ष अधिनियम आला, तरी हें तत्त्व कायम आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत एलिझाबेथ लॉफ्टस व झॅनी यांनीं मोटारींच्या अपघाताचा चित्रपट दाखवून कांहींजणांस 'एखादा फुटलेला दिवा पाहिलात काय' असें, आणि कांहींजणांस 'तो फुटलेला दिवा पाहिलात काय' अशा अर्थाचें विचारलें. चित्रांत दिवा फुटलेलाच नव्हता. तरीहि 'तो' म्हणून विचारलेल्यांपैकीं 'होय' म्हणणारे अधिक निघाले. एवढ्याशा सर्वनामानें डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टींत दिवा फोडला. त्यांतून विचारणारा साहेब असेल, वकील असेल, तपासणीस असेल, तर मग बोलावयासच नको. तो मूळ गोष्ट तरी चुकणार नाहीं, असें आपण धरून चालतों.

परंतु सर्वच तसें धरून चालत नाहींत. साताऱ्याच्या इतिहासांत एक पुरुष असा होऊन गेला कीं ज्यानें प्रश्नाच्या पोटांतील विधान ओळखलें, आणि त्यासाठीं राज्य सोडलें. ते छत्रपति प्रतापसिंह महाराज. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनीं त्यांस गादीवर बसविलें आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजीं त्यांच्याशीं तह केला. पुढें कंपनीशीं त्यांचा बेबनाव झाला. गोव्याच्या पोर्तुगीजांशीं कारस्थान केलें, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधलें, कंपनीच्या पलटणींतील देशी अंमलदारांस फितविलें, असे आरोप त्यांच्यावर आले. १८३६ सालीं गुप्तपणें चौकशी झाली. आरोपांचे कागद आपणांस दाखवावे आणि उघड न्याय करावा, ही महाराजांची मागणी मान्य झाली नाहीं.

१८३९ सालीं मुंबईचा नवा गव्हर्नर सर जेम्स कार्नक साताऱ्यास आला. त्यानें महाराजांपुढें एक कागद ठेविला. अटी वरवर पाहतां सौम्य होत्या: १८१९ चा तह अक्षरशः पाळावा, बंधु आप्पासाहेब यांची नेमणूक चालवावी, बळवंतराव चिटणीसांस दूर करावें, अशा स्वरूपाच्या. एवढें मान्य केल्यास गादी राहील, मागचें सारें विसरलें जाईल. प्रश्न असा होता: या अटी मान्य आहेत कीं नाहींत? कोणीहि व्यवहारी मनुष्य अटींकडे पाहील. कोणती सोसेल, कोणती डोईजड होईल, हें मोजील. महाराजांनीं अटींच्या वर असलेली प्रस्तावना पाहिली. तींत असें गृहीत धरलेलें होतें कीं, महाराजांनीं दुष्ट सल्लागारांच्या नादीं लागून तहाचा भंग केला, तें चौकशींत सिद्ध झालें, आणि सरकार केवळ दयाबुद्धीनें त्याची क्षमा करीत आहे. खालीं सही केली म्हणजे वरचा अपराध आपल्या हातानें लिहून दिल्यासारखा होता.

गव्हर्नरानें समजाविलें, रेसिडेंट ओव्हन्सनें समजाविलें. सही केली असती तर राजवाडा, खजिना, मानमरातब सारें जागच्या जागीं राहिलें असतें. महाराजांनीं सही केली नाहीं. जो अपराध मीं केला नाहीं त्याची क्षमा मी कां घेऊं, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ होता. ५ सप्टेंबर १८३९ रोजीं त्यांस पदच्युत करण्यांत आलें, आणि त्यांची रवानगी काशीस झाली. तेथें १८४७ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनमध्यें सुमारें चौदा वर्षें ही दाद मागत राहिले. जॉर्ज टॉम्प्सनसारखे कांहीं इंग्रज गृहस्थ कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत महाराजांच्या बाजूनें बोलले. परंतु निकाल फिरला नाहीं. प्रतापसिंह महाराज व्यवहारांत चुकले, असें म्हणणारे लोक तेव्हांहि होते, आजहि भेटतात. मला तसें वाटत नाहीं. हल्लीं नोकरीच्या, कर्जाच्या, तडजोडीच्या कागदांवर आपण रोज सह्या करतों. त्यांच्या पहिल्या परिच्छेदांत आपल्याविषयीं काय गृहीत धरलेलें आहे हें किती लोक वाचतात?

या हकीकतीचें पुढचें प्रकरण तर आजहि परीक्षेस येतें. प्रश्न साधारण असा असतो: वारस नसल्यामुळें सातारचें राज्य कोणत्या गव्हर्नर जनरलनें खालसा केलें? उत्तर: लॉर्ड डलहौसी. एक गुण. आतां 'वारस नसल्यामुळें' हे दोन शब्द पाहा. प्रतापसिंहांच्या जागीं बसविलेले त्यांचे बंधु शहाजी उर्फ आप्पासाहेब ५ एप्रिल १८४८ रोजीं वारले. मृत्यूपूर्वी त्यांनीं शास्त्रोक्त दत्तक घेतला होता. काशीस प्रतापसिंहांनींहि दत्तक घेतलेला होता. १८१९ च्या तहांत राज्य महाराजांस आणि त्यांच्या वारसांस व पुढील अधिकाऱ्यांस निरंतर दिल्याचा उल्लेख होता. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियर आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉर्ज क्लर्क, या दोघां इंग्रज अधिकाऱ्यांचें मत गादी पुढें चालवावी असेंच पडलें. डलहौसीनें तें मानलें नाहीं. म्हणजे वारस होता; तो नामंजूर करण्यांत आला. 'वारस नव्हता' हें कंपनीचें म्हणणें होतें, आणि तें आमच्या प्रश्नपत्रिकेंत विशेषण होऊन बसलें. मूल 'डलहौसी' असें बरोबर उत्तर लिहितें, आणि त्याबरोबर डलहौसीचा दावाहि आपल्या हातानें मान्य करतें. मुलांचा यांत दोष नाहीं. प्रश्न काढणाऱ्यानें 'दत्तक वारस नामंजूर करून' असे चार शब्द घातले असते तर उत्तर तेंच राहून इतिहासहि खरा राहिला असता.

हे वारस कागदावर नसले तरी साताऱ्यांत होते, हें सरकारास चांगलें ठाऊक होतें. १८५७ च्या ऑगस्टांत बंडाची धास्ती वाटूं लागली तेव्हां राण्या आणि दत्तक राजपुत्र यांस पहाऱ्यांत साताऱ्यांतून हलविण्यांत आलें आणि मुंबईकडे नेण्यांत आलें.